आईला आमवात, सकाळी गुळवेलीचा रस आणि वाढलेलं एसजीपीटी – हे 'इम्युनिटीवाले' अर्क शरीरात नक्की करतात काय?

सिन्नरची_माहेरवाशीण
नमस्कार मंडळी. तीनेक वर्षं नुसतीच वाचतेय, आज स्वतःच्या गरजेपायी धागा काढतेय, विभाग चुकला असेल तर हलवा.

आम्ही नाशिकला, इंदिरानगरात राहतो. आई ६१ वर्षांची. नऊ वर्षं झाली, आमवात आहे, डॉक्टरी भाषेत ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्झेट, त्याबरोबर फॉलिक ऍसिड, रोजची एचसीक्यू (हायड्रॉक्सीक्लोरोक्विन). यावर तिचं बरं चाललंय, पाच वर्षांपूर्वी पाण्याचा तांब्या उचलता येत नव्हता ती बाई आज स्वतः भाकरी थापते. दर तीन महिन्यांनी रक्त तपासतो, एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला इजा झाली की वाढणारा आकडा, कायम तिशीच्या आसपास. या वेळेला आलं १४८.

डॉक्टरांनी विचारलं, बाहेरचं काही घेता का? आई म्हणाली नाही. मीही शेजारी बसून नाही म्हणाले. घरी आल्यावर ओट्यावरचा स्टीलचा पेला दिसला आणि डोक्यात लख्ख पडलं. दिवाळीपासून रोज सकाळी जॉगिंग ट्रॅकच्या बाहेर जो रसवाला बसतो त्याच्याकडून बाबा तिच्यासाठी गुळवेलीचा रस आणतात, पाऊण पेला, शिवाय दोन महिन्यांपासून शेजारच्या काकूंनी दिलेल्या 'इम्युनिटी'च्या गोळ्या, त्यात गुळवेल, अश्वगंधा, तुळस असं लिहिलंय. मी आईला म्हटलं अगं मग डॉक्टरांना नाही का म्हणालीस, तर म्हणते, "रस म्हणजे औषध थोडंच आहे!"

डॉक्टरांनी दोन आठवडे मेथोट्रेक्झेट थांबवलंय, त्यांना वाटतंय त्यानेच झालं. रसाचं त्यांना माहीतच नाही. माझा प्रश्न साधा आहे. हिची इम्युनिटीच हिच्या सांध्यांवर उठलीय, ती दाबायला आपण गोळ्या देतोय, मग तीच वाढवणारा रस सकाळी कशाला? आणि तो खरंच काही वाढवतो का, का नुसतं नाव? बाबा म्हणतात नैसर्गिक आहे, काही होत नाही. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

गंगापूररोडकर
धागा नंतर वाचा, आधी डॉक्टरांना फोन करा. रस आणि गोळ्या दोन्ही आजपासून बंद, आणि गोळ्यांच्या डबीचा फोटो त्यांना पाठवा.

काझीगढी
+१. आज रात्रीच.

जुना_पंचवटीकर
ताई, घाबरून जाऊ नका. माझं वय ७२, वीस वर्षं गुळवेलीचा काढा घेतोय, स्वतः कडुनिंबावरची वेल तोडून आणतो, बोटाएवढी जाड कांडी, ठेचून चार कप पाण्यात टाकायची, एक कप राहीपर्यंत उकळायची. करोनात अख्ख्या वाड्याला पाजला. एकालाही काविळ झालेली नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी ज्याला अमृता म्हटलं त्याला आता विष ठरवायचं चाललंय. मेथोट्रेक्झेट हे मुळात कॅन्सरचं औषध आहे, लिव्हर बिघडायला ते पुरेसं आहे, रसावर कशाला आळ?

पेट्रीडिश
पंचवटीकर काका, मेथोट्रेक्झेटने लिव्हर बिघडू शकतं हे शंभर टक्के खरं, म्हणूनच तर दर तीन महिन्यांनी रक्त तपासतात. पण नऊ वर्षं तिशीत असलेलं एसजीपीटी रस सुरू झाल्यावर काही महिन्यांत १४८ होतं तेव्हा रसाला चौकशीतून सोडून कसं चालेल?

मी मायक्रोबायोलॉजीवाली आहे, काही वर्षं पेशींवर वनस्पतींचे अर्क टाकून बघायचं काम केलंय, म्हणून ताईंच्या दुसऱ्या प्रश्नावर जरा सविस्तर लिहिते.

'इम्युनिटी' हा पंख्याचा रेग्युलेटर नाही, दोनवरून चारवर न्यायला. त्यात दोन मोठी खाती आहेत. एक जन्मजात, म्हणजे न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज या पेशी, परकं काही दिसलं की गिळतात आणि आरडाओरडा करतात. दुसरं अर्जित, म्हणजे टी आणि बी पेशी, या शत्रू ओळखून लक्षात ठेवतात, अँटीबॉडी बनवतात. या पेशी आपसात ज्या रसायनांनी बोलतात त्यांना सायटोकाइन म्हणतात, टीएनएफ, आयएल-६, इंटरफेरॉन वगैरे.

गुळवेलीत एक मोठा शर्करा-रेणू आहे, पॉलिसॅकराइड. भाभा अणुसंशोधन केंद्रात त्यावर बरंच काम झालंय, त्याला जी१-४ए असं नाव आहे. मॅक्रोफेजच्या अंगावर टीएलआर-४ नावाची घंटा असते, जी खरं तर जिवाणूंच्या कवचातला एक पदार्थ ओळखायला ठेवलेली आहे. हा रेणू तीच घंटा वाजवतो. पेशी जागी होते, टीएनएफ सोडते. म्हणजे 'नुसतं नाव' आहे असं मी म्हणणार नाही, प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत काहीतरी नक्की होतं.

आता ताई, तुमचा साधा प्रश्न किती नेमका आहे बघा. आमवात फार चिघळला तर जी महागडी इंजेक्शनं देतात त्यातली बरीचशी टीएनएफलाच बांधून ठेवणारी असतात. एकीकडच्या जाहिरातीत 'टीएनएफ वाढवतो' ही शाबासकी, आणि दुसरीकडे तोच टीएनएफ आईच्या सांध्याची कूर्चा खातोय.

मनमाडचा_मन्या
पेट्रीडिश, पहिल्यांदा कुणीतरी कळेल असं लिहिलं. घंटावाला भाग बायकोला वाचून दाखवला.

वैद्य_म्हसरूळ
मी बीएएमएस, एमडी द्रव्यगुण. दोन्ही बाजूंनी थोडी घाई होतेय असं वाटतं म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट, 'इम्युनिटी बूस्टर' हा शब्द आमच्या शास्त्रातला नाही, तो बाजारातला आहे. चरकात व्याधिक्षमत्व आहे, आणि चरकाचा टीकाकार चक्रपाणी याने त्याचा अर्थ दिलाय तो असा की उत्पन्न झालेल्या व्याधीच्या बळाला विरोध करणं आणि व्याधी उत्पन्नच होऊ न देणं. त्यात कुठे पेशी भडकवा असं नाही. गुडूची, म्हणजे गुळवेल, रसायन आहे, चरकाने चार मेध्य (बुद्धीला पोषक) रसायनांत तिचा रस सांगितला आहे, पण रसायन घ्यायचं ते शरीरशुद्धी करून, अग्नी बघून, पथ्यासह. जॉगिंग करून घामाघूम अवस्थेत गव्हांकुर, कारलं, दुधी, गुळवेल हे सगळं एका पेल्यात ओतून पिणं याला रसायन म्हणत नाहीत.

दुसरी गोष्ट, गुळवेल सांधेदुखीत वापरतातच. वातरक्त या सांध्यांच्या आजारावर कैशोर गुग्गुळ देतो त्यात गुडूची असते, आणि ती तिथे दाह कमी करायला असते. त्यामुळे 'गुळवेल म्हणजे इम्युनिटी वाढवणार, म्हणजे आमवात वाढणार' इतकं सरळ गणित नाही. तेच द्रव्य मात्रा बदलली, कल्प म्हणजे औषधाचं रूप बदललं, रुग्ण बदलला की वेगळं वागतं.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. अर्क म्हणजे एक वस्तू नव्हे. आमच्याकडे स्वरस, कल्क, क्वाथ, हिम, फांट या औषध बनवायच्या पाच वेगळ्या पद्धती आहेत त्या उगाच नाहीत. गुळवेल सत्त्व म्हणजे कांड ठेचून पाण्यात कुस्करून तळाशी बसलेला पिठूळ भाग, तो बहुतांशी स्टार्च. घनवटी म्हणजे काढा आटवून केलेली गोळी. आणि हल्ली कंपन्या अल्कोहोलमध्ये अर्क काढतात. पेट्रीडिश ताई, यावर तुम्हीच सांगा.

पेट्रीडिश
अगदी बरोबर वैद्यजी. तो मोठा शर्करा-रेणू पाण्यात उतरतो, अल्कोहोल टाकलं की उलट तळाशी बसतो. अल्कोहोलमध्ये उतरतात ते कडू पदार्थ, टर्पीन, काही अल्कलॉइड. म्हणजे पाण्यातला काढा आणि अल्कोहोलचा अर्क, दोन्हीवर 'गुळवेल अर्क' लिहिलेलं असतं आणि आत दोन वेगळी औषधं असतात. एकावर झालेला प्रयोग दुसऱ्याच्या डबीवर छापतात याचा मला मनापासून राग येतो.

अजून एक आतली गोष्ट सांगते. वनस्पतीवर, मातीत, सगळीकडे जिवाणू असतात, त्यांच्या कवचातला तो पदार्थ, एंडोटॉक्सिन, अर्कात सहज येतो. आणि तो नेमका टीएलआर-४ हीच घंटा वाजवतो. त्यामुळे पुष्कळदा आपण खुश होतो की वा, अर्काने मॅक्रोफेज जागे केले, आणि प्रत्यक्षात जागे केलेले असतात जिवाणूंच्या घाणीने. एंडोटॉक्सिनला निष्प्रभ करणारं पॉलिमिक्सिन बी टाकून ही शक्यता तपासावी लागते. मी एकदा सहा महिन्यांचे निकाल यापायी टाकून दिलेत, तेव्हा रडले होते. गुळवेलीच्या त्या रेणूवर हे तपासलेलं आहे, पण बाजारातल्या प्रत्येक 'संशोधनाने सिद्ध'मागे तपासलेलं असेल असं नाही.

आणि बशीतली पेशी अर्कात बुडालेली असते. पोटातून इतका मोठा रेणू अख्खाच्या अख्खा रक्तात जात नाही, त्याची गाठ पडते ती आतड्याच्या भिंतीतल्या रोगप्रतिकारक पेशींशी. तिथून पुढे काय होतं ते माणसांवरच बघावं लागतं.

निफाडचा_बागाईतदार
माणसांवर बघायचं ते बघा, आम्ही वेलीवर रोज बघतो. द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीनंतर डावणी आणि भुरी या बुरशीच्या रोगांशीच सगळी लढाई. हल्ली सगळे दुकानदार 'वेलीची प्रतिकारशक्ती वाढवा' म्हणून समुद्री शेवाळाचा अर्क, चिटोसान, कसले कसले अर्क गळ्यात मारतात. मी तीन वर्षं केलंय, आधी मारलं तर थोडा फायदा दिसतो, पण डावणी पानावर आली की नुसत्या अर्काने बाग वाचत नाही, तिथे बुरशीनाशकच लागतं. दशपर्णी अर्क माझे वडील घरी करायचे, ड्रमचा वास आठवला तरी डोळ्यात पाणी येतं, पण किडींवर तो उपयोगाचा.

मला सांगायचंय ते वेगळंच. २०१० साली युरोपला गेलेली आपली द्राक्षं क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले म्हणून अडकली, कंटेनरच्या कंटेनर. आमच्या पट्ट्यात त्या वर्षी लोक अक्षरशः झोपले नाहीत. निर्यातीच्या प्रत्येक प्लॉटचा नमुना लॅबला जातो, अंश किती, मर्यादा किती, सगळं कागदावर. आता मला सांगा, ट्रॅकबाहेरच्या रसवाल्याची वेल कुठून आली, त्यावर शेजारच्या शेतातला कुठला फवारा उडाला, हे कोण बघतं? युरोपातला माणूस माझं द्राक्ष तपासून खातो आणि आमची माय गटारीच्या कडेची वेल न तपासता पिते.

सिन्नरची_माहेरवाशीण
दादा, शेवटचं वाक्य वाचून पोटात कालवलं. डॉक्टरांशी बोलले, ते रागावले नाहीत. म्हणाले बरं झालं सांगितलंत, रस आणि गोळ्या पूर्ण बंद, पंधरा दिवसांनी परत रक्त, कावीळीची टेस्ट आणि सोनोग्राफी पण करून घ्या. बाबा मात्र माझ्याशी दोन दिवस बोलत नाहीयेत.

देवळालीचा_फौजी
बाबांचं समजून घे बेटा. बायकोसाठी रोज पहाटे उठून रस आणणारा माणूस आहे तो, त्याला वाटणार मीच विष पाजलं का काय. त्याच्याशी तूच बोल.

कॉलेजरोडची_स्मिता
फौजी काका +१००.

जुना_पंचवटीकर
देवळालीकरांचं म्हणणं पटलं, पण मूळ मुद्दा राहिलाच. गुळवेलीने लिव्हर बिघडल्याचा पुरावा काय? उलट मुंबईच्या केईएम रुग्णालयात काविळीच्या रोग्यांना गुळवेल देऊन ते वाचल्याचं मी वाचलंय.

वैद्य_म्हसरूळ
काका, तुमचं वाचन खरं आहे. केईएमच्या डॉ. शरदिनी डहाणूकर, ज्यांचं मराठी ललित लेखन आपल्यापैकी अनेकांनी वाचलं असेल, त्यांच्या गटाचं ते काम, १९९३ साली प्रसिद्ध झालेलं. पित्तनलिका अडल्यामुळे कावीळ झालेले ३० रुग्ण, दोन गट. सगळ्यांना नेहमीचे उपचार, एका गटाला त्याशिवाय गुळवेल, वजनाच्या दर किलोला रोज १६ मिलिग्रॅम. नुसत्या उपचारांच्या गटात निम्म्या रुग्णांना रक्तात जंतुसंसर्ग झाला, गुळवेलीच्या गटात एकालाही नाही. शस्त्रक्रियेनंतर वाचणाऱ्यांचं प्रमाण ४० टक्के विरुद्ध ९२.४ टक्के. आणि न्यूट्रोफिलांची जंतू गिळायची आणि मारायची ताकद फक्त गुळवेलवाल्यांतच पूर्ववत झाली. आपल्या मातीतलं इतकं नेटकं काम आहे हे, मला त्याचा अभिमान वाटतो.

पेट्रीडिश
मलाही. पण नीट बघा, ते रुग्ण कोण होते? ज्यांच्या पेशी आजाराने गळून गेल्या होत्या असे. खाली पडलेलं वर आणलं. ताईंच्या आईच्या पेशी गळालेल्या नाहीत, त्या भरकटलेल्या आहेत. आणि ३० रुग्ण, ठराविक मात्रा, हॉस्पिटलातली देखरेख, तेही शस्त्रक्रियेपर्यंतच. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत रोज पाऊण पेला नव्हे.

दुसऱ्या बाजूचा पुरावा विचारलात म्हणून. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरात मुंबईच्या डॉक्टरांना सहा रुग्ण मिळाले, सगळे गुळवेल घेणारे, सगळ्यांचं लिव्हर सुजलेलं, बायॉप्सीत ऑटोइम्यून हेपटायटिससारखं, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लिव्हरवर उठल्यासारखं चित्र. २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. मग २०२२ मध्ये नऊ शहरांतल्या १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांची नोंद दिली. घ्यायला लागल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत मधला काळ ४६ दिवस. ज्यांना आधीपासून लिव्हरचा जुना आजार होता त्यांचं जास्त वाईट झालं. मुंबईच्या डॉक्टरांचा अंदाज असा की गुळवेल एक तर ऑटोइम्यूनसारखी सूज निर्माण करते किंवा आत लपलेला ऑटोइम्यून आजार उघडा पाडते. घ्या, तीच घंटा.

वैद्य_म्हसरूळ
आणि त्यावर आयुष मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये हरकत घेतली होती हेही लिहा. त्यांचं म्हणणं होतं की टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया ही आपली गुळवेल आणि टिनोस्पोरा क्रिस्पा ही तिची बहीण, यात गल्लत झालेली असू शकते. क्रिस्पाने लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

ओळखायचं कसं ते सांगून ठेवतो. आपली गुळवेल, कांड हिरवट, त्यावर गाठीगाठी फोड नसतात, तोडल्यावर दुधासारखा चीक येत नाही, पान हृदयाच्या आकाराचं, आडवी कापली तर आत चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी. क्रिस्पा राखाडी, अंगभर चामखिळीसारखे फोड, चीक दुधट. पण रसाच्या पेल्यात हे काहीच दिसत नाही, ही खरी अडचण.

माझं स्वतःचं मत विचाराल तर सगळाच दोष गल्लतीवर ढकलू नये. माझ्या ओपीडीत ऑटोइम्यूनचा रुग्ण आला तर मी हल्ली गुळवेल सुरू करायच्या आधी लिव्हरचे रिपोर्ट मागतो आणि महिन्याने परत मागतो. पाच वर्षांपूर्वी मागत नव्हतो.

जुना_पंचवटीकर
वैद्यबुवा, तुम्हीच असं म्हणायला लागलात तर आम्ही कुणाकडे बघायचं. पण प्रामाणिकपणे लिहिलंत, मान्य करतो. उद्या मीही रक्त तपासून घेतो. वीस वर्षांत कधी तपासलं नाही हे खरं आहे.

गंगापूररोडकर
काका, ही या धाग्यावरची आजवरची सगळ्यात चांगली पोस्ट.

टॅक्रोलिमसवाला
सात वर्षांपूर्वी किडनी बसवली, बहिणीची. माझ्यासारख्यांनी तर असल्या रसांच्या वाटेलाच जाऊ नये. आमचं शरीर बहिणीच्या किडनीला परकं समजतं, ती मारू नये म्हणून आयुष्यभर गोळ्या. तिथे कुणी प्रेमाने 'इम्युनिटी वाढव रे' म्हणून काढा दिला तर तो किडनीवरच. शिवाय काही वनस्पती औषध जिरवणारी लिव्हरमधली यंत्रणा बिघडवतात, गोळीची रक्तातली पातळी वर-खाली होते.

यावरून आमच्या घरातली गंमत. डिस्चार्जच्या कागदावर ग्रेपफ्रूट वर्ज्य असं होतं. आमच्या मामांनी त्याचा अर्थ द्राक्ष लावला, आणि दोन सीझन मी नाशकात राहून एक मणी तोंडात टाकला नाही, पिंपळगावहून आलेल्या पेट्या डोळ्यांदेखत वाटल्या. मग डॉक्टर म्हणाले अहो ग्रेपफ्रूट म्हणजे पपनसाच्या कुळातलं लिंबूवर्गीय फळ, द्राक्षं खा की!

निफाडचा_बागाईतदार
दादा पत्ता पाठवा, दोन सीझनची थॉमसनची पेटी माझ्याकडून.

कॉलेजरोडची_स्मिता
धागा सार्थकी लागला.

माझा अनुभव अश्वगंधेचा. थायरॉइड कमी आहे, गोळी चालू आहे. ऑफिसातल्या मैत्रिणीने झोपेसाठी अश्वगंधेच्या कॅप्सूल सुचवल्या, सहा आठवड्यांत छातीत धडधड, हाताला कंप, तपासलं तर टीएसएच एकदम खाली गेलेलं, म्हणजे थायरॉइड जास्त झालेलं. अश्वगंधा थायरॉइडचं संप्रेरक वाढवू शकते हे तेव्हा डॉक्टरांकडून कळलं. डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. माझा हाशिमोटो आहे, म्हणजे तोही ऑटोइम्यूनच, आणि डबीवर याबद्दल अक्षर नव्हतं.

काझीगढी
मग तुळस, हळद पण बंद करायची का? आमच्याकडे सकाळी वृंदावनातली चार पानं तोंडात टाकल्याशिवाय चहा नाही.

पेट्रीडिश
नाही हो, चार पानं आणि कॅप्सूल यात फरक आहे. तुळशीवर दिल्लीच्या एम्समध्ये २४ निरोगी स्वयंसेवकांवर प्रयोग झालाय, ३०० मिलिग्रॅम अल्कोहोल अर्काची कॅप्सूल चार आठवडे, त्यात इंटरफेरॉन-गॅमा, आयएल-४ वाढले, टी-हेल्पर आणि एनके पेशी वाढल्या. चांगला प्रयोग, पण लहान, आणि त्यात कुणाला सर्दी कमी झाली का हे बघितलेलं नाही, रक्तातले आकडे बघितलेत. आकडा वाढणं आणि माणूस कमी आजारी पडणं या दोन गोष्टी आहेत.

हळद तर उलट्या दिशेची. हळदीतला कर्क्युमिन पेशींमधली सूज चालू करणारी एनएफ-कॅपा-बी नावाची कळ दाबून धरतो. पण पोटातून शोषला फार कमी जातो. १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं की मिऱ्यातलं पायपेरिन बरोबर दिलं तर रक्तात वीस पट जास्त सापडतो. तेव्हापासून गोळ्यांत दोन्ही घालतात, आणि त्या गोळ्यांनी लिव्हर सुजल्याच्या नोंदीही आता आल्यात. वरणातली हळद खा, निश्चिंत खा. शोषण वाढवलेली गोळी हा वेगळा प्राणी आहे.

हरसूल_खोरं
मी आदिवासी भागात शिक्षक आहे. इथल्या लोकांची बाजू कुणीतरी मांडावी म्हणून लिहितो. करोनात गुळवेलीला एवढी मागणी आली की पेठ-हरसूलकडे व्यापारी गाड्या घेऊन यायचे. शहापूरला कातकरी तरुणांनी वन धन केंद्रातून गुळवेलीचा चांगला धंदा उभा केला, घरात पैसा आला, ते बघून आनंदच झाला. पण आमच्याकडे किलोवर दर, मग कुणी मुळासकट ओढली, कुणी दिसेल ती वेल पोत्यात भरली. आमच्या गावातली जाणती म्हातारी माणसं वेल कुठल्या झाडावरची, किती जुनी, हे बघून तोडतात आणि ताप आलेल्यालाच देतात, तीन दिवस, पाच दिवस. रोज उठून पिताना मी इथे कुणालाच बघितलं नाही. हे शहरातच बघितलं.

वैद्य_म्हसरूळ
गुरुजी, नमस्कार घ्या.

मनमाडचा_मन्या
म्हणजे झाडपाल्याने इम्युनिटी वाढते हे सिद्ध झालेलं एकही औषध नाही का? सगळं अर्धवटच?

पेट्रीडिश
आहे की, आणि ते आपल्या पुण्यात बनलंय. चिलीमध्ये क्विलाया नावाचं झाड आहे, साल पाण्यात घुसळली की रिठ्यासारखा फेस येतो. त्या सालीतले सॅपोनिन शुद्ध करून लशीत घालतात, लशीला पेशी जोरात प्रतिसाद देतात. सीरमने पुण्यात बनवलेल्या कोव्होव्हॅक्समध्ये हाच अर्क होता, मॅट्रिक्स-एम या नावाने. नागिणीच्या शिंग्रिक्स लशीतही त्याच सालीतला क्यूएस-२१ आहे. पण बघा, सालीतल्या शेकडो रेणूंतून नेमके वेगळे काढलेत, मायक्रोग्रॅममध्ये मोजलेत, सुईतून एक-दोनदाच दिलेत, हजारो लोकांवर तपासलेत, आणि कुठल्या जंतूविरुद्ध जागं व्हायचं हे लशीने पेशीला त्याच वेळी दाखवलंय. कारण नसताना रोज सकाळी घंटा बडवलेली नाही.

मनमाडचा_मन्या
हे भारी आहे. रिठ्याचं पाणी पिऊ नका रे कुणी आता.

सिन्नरची_माहेरवाशीण
धागा वर काढतेय, अपडेट द्यायचं राहिलं होतं.

पंधरा दिवसांनी एसजीपीटी ९६, महिन्याने ४१. कावीळ नाही, सोनोग्राफी ठीक. मेथोट्रेक्झेट आणि रस दोन्ही एकदमच बंद होते त्यामुळे दोष नक्की कुणाचा हे छातीठोक सांगता येणार नाही असं डॉक्टर स्वतःच म्हणाले. आता कमी मात्रेत मेथोट्रेक्झेट परत सुरू केलंय, रस आणि गोळ्या कायमच्या बंद. मधल्या महिन्यात आईची बोटं सुजली होती, सकाळी मूठ वळत नव्हती, ते बघून मला फार अपराधी वाटलं. एका 'नाही'मुळे चांगलं चाललेलं औषध थांबलं ना.

फौजी काका, तुम्ही सांगितलं तसं बाबांशी बोलले. ते काही म्हणाले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीसारखे उठले, ट्रॅकवर गेले, आणि येताना आईसाठी सोनचाफ्याची दोन फुलं घेऊन आले. तेव्हापासून रोज आणतात.

वैद्यजी, तुमची परवानगी घेऊन तुमची ओळखीची खूण असलेली पोस्ट आणि पेट्रीडिश ताईंचं घंटावालं आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकलंय. गोळ्या देणाऱ्या शेजारच्या काकूंना पण थायरॉइड आहे, त्या परवा टेस्ट करून आल्या.

जुना_पंचवटीकर
ताई, फार बरं वाटलं. माझे रिपोर्ट आले, एसजीपीटी ३४, सगळं नॉर्मल. तरी वैद्यांना दाखवून काढा आता ऋतू बदलताना पंधरा दिवसच घ्यायचं ठरलंय, आणि कागदावर लिहून पाकिटात ठेवलंय की मी गुळवेल घेतो. उद्या बेशुद्ध पडलो तर डॉक्टरांना कळायला हवं.

टॅक्रोलिमसवाला
काका, ही कल्पना उचलतोय. आणि बागाईतदार दादा, पेटी मिळाली, बहिणीच्या घरी अर्धी पोचवली.

सिन्नरची_माहेरवाशीण
आईची पुढची टेस्ट २२ तारखेला आहे, आकडा इथेच टाकते.